मावशी रजेवर गेल्यावर: डिचोलीतल्या काजू कारखान्यातलं एक प्रकरण

सोमवार, ४ सप्टेंबर २०२३. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंधरा दिवस राहिले होते. सकाळी पावणेदहाला गोव्यातल्या साखळीहून एका आईचा फोन आला. "टीचर, तो कारखान्यातून निघून गेलाय. डिचोलीच्या बसस्टँडवर बसलाय म्हणे, ॲप्रन-टोपीसकट. कुणी जवळ गेलं की कान झाकून घेतो."

मी पोचले तेव्हा तो कडेच्या कट्ट्यावर बसला होता. पायांत कारखान्यात घालायच्या रबरी चपला, बोटांच्या टोकांना काजूच्या सालीचा तांबूस रंग. मी त्याच्यापासून चार हात लांब बसले. चाळीस मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्याने विचारलं, "आज माझा खाडा लागेल का?"

त्या प्रश्नाने मला बरंच काही सांगितलं. ज्याला नोकरी नको असते त्याला खाड्याची काळजी नसते. तो ऑटिस्टिक आहे आणि मी त्याची जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी शिकवणारी, आधार देणारी. त्याला कामावर राहायचं होतं आणि राहता आलं नव्हतं. असं का झालं याचा शोध म्हणजे हे प्रकरण. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

लिहायला त्याची परवानगी आहे, फक्त नाव नको असं त्याने सांगितलंय. आई घरात बोलताना "आमचा धाकटा" म्हणते, तेच इथे वापरते. कारखान्याचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घर, शाळा, उशिरा झालेलं निदान

धाकट्याचा जन्म १९९६चा. वडिलांचे खाणीवर दोन ट्रक होते. गावातल्या मराठी शाळेत तो इतर मुलांच्या आधी वाचायला शिकला, पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाकाखाली जाऊन बसायचा. प्रगतिपुस्तकातले शेरे आईने जपून ठेवलेत: "हुशार पण हट्टी", "लक्ष देत नाही", "मिसळत नाही". २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले. घरात कर्जाच्या हप्त्यांची चिंता आणि याची दहावी एकदमच आली. दहावी झाली. बारावीचे दोन विषय राहिले ते राहिलेच.

ऑटिझमचं निदान झालं एकविसाव्या वर्षी, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. इतका उशीर का, असं लोक आईला विचारतात आणि ती दरवेळी अपराध्यासारखी मान खाली घालते. तिने तसं करायचं काही कारण नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो विचारात घेतला, पण नोकरीच्या हक्कांच्या बाजूने दार उघडलं ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. त्यात प्रकार २१ झाले आणि तो १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. धाकटा तोवर वयात आलेला पुरुष होता.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे जी मापिका वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. धाकटा "सौम्य" गटात बसला. या शब्दाचा मला फार त्रास झालाय. "सौम्य आहे ना, मग मदत कशाला?" असं मला तीन ठिकाणी ऐकावं लागलं. लक्षणं बाहेरून किती ठळक दिसतात ते मापिका सांगते. दिवसाचे आठ तास लोकांत काढायला त्या माणसाला आतून किती रेटा द्यावा लागतो, हे तिच्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातून आल्या. घरात, बाजारात, बसमध्ये सगळे कोंकणी बोलतात. धाकट्याला कोंकणी पूर्ण कळते, पण तो बोलतो मराठी, तीही छापील. माणसांपेक्षा वर्तमानपत्रातून तो भाषा जास्त शिकला. रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत वाचतो. "मला विलंब झाला", "सदर पिशवी कुणाची आहे?" असं बोलतो. त्याला न ओळखणाऱ्याला हा शिष्टपणा वाटतो. उलट बाजूने, घाईत सांगितलेलं, एका दमात तीन कामं असलेलं वाक्य त्याच्या हातून निसटतं. तेच कागदावर लिहून दिलं की काम चोख होतं.

अकरा दिवसांची पहिली नोकरी

२०१९ मध्ये ओळखीतून किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं होतं, रेस्टॉरंटमधल्या ताटल्या उचलायचं. मुलाखतीत सगळी उत्तरं आईने दिली. कामावर नियम सांगितला गेला: टेबलावर माणूस नसला की प्लेट उचलायची. बुफेला पाहुणे परत वाढून घ्यायला उठले की टेबलावर माणूस नसतोच. त्याने प्लेटा उचलल्या. पहिल्या दिवशी लोक हसले, चौथ्या दिवशी ओरडले, अकराव्या दिवशी "उद्यापासून येऊ नको" म्हणाले. "नॅपकिन खुर्चीवर असेल तर पाहुणा परत येणार आहे" एवढं एक वाक्य कुणी त्याला दिलं असतं तर तो कदाचित अजून तिथे असता.

त्यानंतर चार महिने तो दर रविवारी हॉटेलचा शर्ट इस्त्री करून ठेवत होता. "येऊ नको" म्हणाले होते, "कधीच येऊ नको" असं म्हणाले नव्हते.

काम शोधण्याआधी

माझ्याकडे तो आला २०२२ च्या पावसाळ्यात. मी विशेष शिक्षिका, आता मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांसाठी जॉब कोचचं काम करते. आईचा पहिला प्रश्न गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मानधनाचा होता: नोकरी लागली तर ते बंद पडेल का? हा प्रश्न बहुतेक घरांत असतो आणि तो हलका समजू नये. नोकरी अकरा दिवसांत जाऊ शकते हे या घराने पाहिलं होतं. आम्ही समाज कल्याण खात्यात जाऊन बोलून आलो आणि बसमधून परत येताना आईनेच ठरवलं, "पगाराचा कागद त्याच्या हातात आला तर बाकीचं बघून घेऊ."

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. "कॉम्प्युटरमध्ये कुठे लावता येईल का?" डेन्मार्कमध्ये थोरकिल सोने यांनी २००४ मध्ये मुलाच्या ऑटिझममुळे स्पेशलिस्टेर्ने ही ऑटिस्टिक लोकांना संगणकाची कामं देणारी कंपनी काढली. त्यानंतर एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये ऑटिस्टिक लोकांना नोकऱ्या द्यायचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याची एक सुरुवात बंगळुरूत झाली. चांगली कामं आहेत ही. पण तेव्हापासून ऑटिझम आणि सॉफ्टवेअर यांची गाठ लोकांच्या मनात पक्की बसली. धाकट्याला कॉम्प्युटरची मुळीच आवड नाही.

पहिले तीन आठवडे मी त्याला काही शिकवलं नाही. घरी जाऊन बसत होते. त्यांचं छोटं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. आजी सुपारी निवडायची आणि धाकटा तिच्या शेजारी बसून आकाराप्रमाणे ढीग लावायचा. एके दिवशी तीन तास मान वर न करता त्याने ते केलं आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा होता. शिणलेला माणूस तसा दिसत नाही. कोणतंही लेखी मूल्यमापन मला हे दाखवू शकलं नसतं.

इथे सावध राहायला हवं. ऑटिझम असलेल्या सगळ्यांनाच निवडण्या-मोजण्याची कामं आवडतात असा एक समज झालाय. माझ्याकडच्या एका मुलीला असल्या कामाचा तिटकारा आहे. तिला रोपवाटिकेत गिऱ्हाइकांना झाडांची माहिती सांगायला आवडतं, आणि ती कंटाळत नाही. प्रत्येकाचं घर वेगळं बघावं लागतं.

काजूच्या टेबलावर

डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्याच्या मालकाशी मी बोलले. तीस-बत्तीस माणसांचा कारखाना, बहुतेक बायका. मालकाला सगळे पात्रांव म्हणतात, कोंकणीत त्याचा अर्थ मालकच. मी मुलाखत नको म्हटलं. मुलाखतीत कळतं ते इतकंच की माणूस अनोळखी माणसाशी किती सफाईने बोलतो, आणि या कामात बोलायचं नसतं. त्याऐवजी तीन सकाळी पगारी चाचणी घेऊ, असं ठरलं. "आधी शिकवून तयार करा, मग कामाला लावा" ही आपल्याकडची जुनी रीत. अमेरिकेत १९८० च्या दशकात ती उलटी करून पाहिली गेली: आधी खऱ्या जागी कामाला लावा आणि तिथेच शिकवा. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप नेता येणं अनेक ऑटिस्टिक माणसांना जड जातं, म्हणून मलाही हीच रीत पटते.

काम समजावं म्हणून थोडं काजूबद्दल. बी वाफवून फोडली की गर बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, वाळवतात, मग साल काढतात आणि मग प्रतवारी. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० अख्खे गर. डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. त्याशिवाय पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी वेगळा. टेबलावरच्या बायका हे नजरेने करतात. वीस वर्षांची नजर आहे ती. कसं ओळखता म्हटलं तर सांगतात, "दिसताच की."

धाकट्याला दिसेना. पहिल्या सकाळी त्याने प्रत्येक गर हातात धरून विचारलं, "हा कोणत्या प्रतीचा?" आणि बायका वैतागल्या. दुसऱ्या दिवशी मी पात्रांवांकडून प्रत्येक प्रतीचे दहा-दहा गर मागून घेतले, काचेच्या झाकणाच्या ताटलीत ओळीने लावले आणि ताटली त्याच्या समोर ठेवली. त्याने काटा मागितला, ४५४ ग्रॅम मोजून घेतले आणि गर मोजत बसला. तिसऱ्या दिवशी विचारणं थांबलं. पुढे नव्या आलेल्या दोन पोरींनीही हीच ताटली वापरली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तो रीतसर कामावर लागला. पगार किलोवर होता आणि तिथे पेच आला. त्याचा हात बिनचूक होता पण सावकाश. किलोच्या हिशेबाने त्याला इतरांच्या निम्मेच पैसे पडत होते. वेग वाढव म्हणून मागे लागले असते तर चुका वाढल्या असत्या आणि तोही खचला असता. पण डबे भरण्याआधी निवडलेला माल पुन्हा एकदा बघावा लागतो, ते काम कुणालाच नको असायचं. पात्रांवांनी त्याला तिथे रोजावर बसवलं. दया म्हणून त्यांनी हे केलं नाही. मिसळलेला माल व्यापाऱ्याकडून परत आला की काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

बाकीच्या सोयी साध्या होत्या. साल उडवायच्या ब्लोअरपासून लांबची, भिंतीकडची जागा. कानावर घालायचे मफ. अकरा आणि साडेतीनला दहा मिनिटं बाहेर. दिवसाच्या कामाचा मराठीत लिहिलेला कागद. यातल्या कशालाही फार पैसे लागले नाहीत. मफबद्दल मात्र पात्रांव अडून बसले होते, "हाक मारली तर ऐकू कशी येणार?" मग ठरलं की हाक मारायची नाही, टेबलावर समोरून दोनदा बोट वाजवायचं.

बँकेत पगाराचं खातं काढायला गेलो तर काउंटरवर पालकत्वाचा दाखला मागितला. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे पैशाचे व्यवहार सांभाळायचा इतरांइतकाच हक्क आहे. धाकट्याने पूर्ण फॉर्म स्वतः भरला, सही केली आणि वरच्या साहेबांना भेटल्यावर खातं त्याच्या एकट्याच्या नावावर निघालं.

डब्याच्या सुट्टीचा प्रश्न खरा नाजूक होता. बायका गोल करून बसतात, एकमेकींच्या डब्यातलं वाटून खातात. त्यांनी त्याला बोलावलं, दोनदा, तीनदा. तो "नको" म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवायचा. त्यांना लागलं ते. "आमचं अन्न चालत नाय काय त्याला?" असं एकीने मला विचारलं, आणि तिच्या प्रश्नामागे जातीची जुनी सल होती हे कळायला मला गोव्यात वेगळं शिकावं लागलं नाही. काय सांगायचं आणि किती, हे ठरवायचा हक्क धाकट्याचा होता. मी त्याला विचारलं. त्याने रात्री बसून चार ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून वाचल्या: "मला ऑटिझम आहे. जेवताना अनेक वास आणि आवाज एकत्र आले की मला खाता येत नाही. म्हणून मी एकटा बसतो. मी आपल्यावर रागावलेला नाही." कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून एक मावशी त्याच्यासाठी खोबऱ्याची वडी वेगळ्या कागदात बांधून आणू लागली.

ऑटिझमला मराठीत वापरतात तो "स्वमग्नता" हा शब्द त्याने मुद्दाम टाळला. दिव्यांगत्वाच्या कार्डावर ऑटिझम लिहिलंय, तोच शब्द त्याला हवा. "मला इतरांविषयी काही वाटत नाही असा त्याचा अर्थ होतो," असं तो म्हणतो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं की एकमेकांना न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसे इतरांनाही तो कळत नाही. त्या टेबलावर मी हे रोज पाहत होते. तो बायकांची नजर शिकत होता, बायका त्याची मराठी शिकत होत्या.

दहावा महिना

पहिले दोन आठवडे मी रोज कारखान्यात त्याच्या मागे उभी असायचे. मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. जॉब कोचने हळूहळू मागे सरकायचं असतं, नाहीतर माणूस कामाला नाही तर कोचला चिकटतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, दिव्यांग व्यक्तींचा महोत्सव, झाला. पात्रांवांनी त्याच्या बातमीचं कात्रण ऑफिसात चिकटवलं आणि मला म्हणाले, "टीचर, आपलं तर आधीच सुरू आहे." मलाही तसंच वाटलं. मार्चपासून मी महिन्यातून एकदा जाऊ लागले. जूननंतर गेलेच नाही. दुसरी दोन कामं आली होती आणि इथून कसलीच तक्रार नव्हती.

तक्रार नव्हती याचं कारण होती सुपरवायझर मावशी. साठीला आलेली, मोजकं बोलणारी बाई. उद्या काही बदल असला की ती आदल्या दिवशी त्याच्या कागदावर लिहायची. रेडिओ त्याच्या बाजूला मोठा झाला की कमी करायची. कुणी नवीन आलं की "त्याला हात लावू नका, समोरून सांगा" असं सांगायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती मुलीच्या बाळंतपणाला बेळगावला गेली. तिच्या जागी आलेली सुपरवायझर कामाला चांगली, पण तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यात चवथ-दिवाळीच्या ऑर्डरी, जादा तास, भेटीचे नवे खोके. तीन आठवडे रोज काहीतरी बदलत होतं आणि त्याच्या कागदावर काहीच लिहिलं जात नव्हतं. घरी त्याने पेपर वाचणं सोडलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा. आईने हे सगळं पाहिलं आणि मनात ठेवलं, कारण कुणाला सांगायचं हे तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, फोन केला तर नोकरीवर येईल.

त्या सोमवारी तो आला तर त्याचं टेबल जागेवर नव्हतं. खोक्यांसाठी जागा हवी म्हणून रविवारी ते ब्लोअरच्या बाजूला हलवलेलं. तो जुन्या जागी ट्रे हातात घेऊन उभा राहिला. सुपरवायझरने दोनदा हाक मारली, त्याच्या कानावर मफ होते. कामाची घाई, मागे सगळ्या बघतायत. तिने त्याचं मनगट धरलं आणि टेबलाकडे ओढलं. त्याने हात झटकला, मोठ्याने ओरडला, ट्रेमधले पाच-सहा किलो गर जमिनीवर सांडले आणि तो निघून गेला.

संध्याकाळी पात्रांव ऑफिसात एकटेच बसले होते. "आतां कितें करचें, टीचर?" आता काय करायचं, असं विचारताना त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते घाबरले होते. उद्या कुणाला लागलं तर? बायका काय म्हणतील?

बाहेरून याला लोक हिंसक वागणं म्हणतात आणि फाइल बंद करतात. मी म्हणते, तीन आठवडे भरत आलेली घागर त्या मनगटाच्या झटक्याने फुटली. घागर भरत होती हे दिसणाऱ्या दोनच जागा होत्या, घर आणि टेबल. घरून कळवायची वाट नव्हती आणि टेबलावरून मी उठून गेले होते. मी त्याचा सगळा आधार एका माणसाच्या डोक्यात ठेवून गेले होते. तो माणूस रजेवर गेला आणि आधारही गेला.

पुन्हा मांडणी

आधी धाकट्याशी बोलायचं, मग सुपरवायझरशी, मग मालकाशी, असा क्रम मी ठरवला. तोंडी विचारलं तर तो गप्प राहतो, म्हणून व्हॉट्सॲपवर प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तराला तीन दिवस दिले. मध्यरात्री उत्तरं आली. त्यातली एक ओळ मी तशीच देते: "स्थळ बदलल्यास माझी हरकत नाही. पूर्वसूचना न देता बदलल्यास मला काय करावे ते कळत नाही." मला वाटत होतं त्याला बदलच नको. दहा महिने मी त्याच्यासाठी सगळं जसंच्या तसं राहील यासाठी धडपडले होते. त्याला हवा होता फक्त एक दिवस आधीचा निरोप.

सुपरवायझर रडली. "हातून चुकलं माझ्या. पण मला सांगितलं कुणी होतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्याने तिला माफीचं पत्र लिहिलं, त्यात सांडलेल्या मालाची किंमत पगारातून कापावी असंही लिहिलं. पात्रांवांनी ती कापली नाही.

त्यांनी मला सरळ विचारलं, "कायद्याने मला काय करावं लागतं?" मी सांगितलं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं, त्यात सोयी काय देणार आणि जबाबदार माणूस कोण हे यायला हवं. कायद्यात वाजवी सोयीची व्याख्या आहे: मालकावर बेसुमार बोजा पडणार नाही असे गरजेचे बदल. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा आहेत, त्यातल्या एका टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट शिकण्याची अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे मिळून येतात. खासगी कारखान्यात तशी सक्ती नाही. तिथे कायद्याचा हात आखूड आहे आणि मालकाचं मन आणि व्यवहार या दोघांवरच बरंचसं चालतं. मी एरवी कायदा शेवटी काढते. या वेळी तो मालकाच्या भीतीवर उपयोगी पडला. आपण उपकार करत नसून रीतसर काहीतरी करतोय असं कळल्यावर ते मोकळे झाले.

मग आम्ही एक पान तयार केलं. धाकट्याने लिहिलं, मी फक्त लहान केलं. सात ओळी. काय सांगायचं ते कागदावर, हाक नको, हात धरायचा नाही, सुट्टीच्या वेळा, त्रास होतोय हे कसं ओळखावं (तो गर मोजताना आकडे मोठ्याने म्हणू लागतो), तेव्हा काय करावं (मागच्या व्हरांड्यात जाऊ द्यावं, पंधरा मिनिटं कुणी बोलू नये), आणि कुणाला फोन करावा. ते पान हजेरीच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवलं. जो कुणी सुपरवायझर होईल त्याने वाचून तारीख घालून सही करायची. टेबलावरच्या दोन बायकांनी, खोबऱ्याच्या वडीवाली मावशी त्यांतली एक, जबाबदारी मागून घेतली. एकीला ठाऊक असून चालत नाही हे आम्ही महागात शिकलो होतो.

दाराशी एक फळा लावला. उद्याचे बदल आज चार वाजायच्या आत त्यावर. पहिल्या आठवड्यात फळा रिकामाच राहिला, कारण पात्रांवांना स्वतःलाच उद्याचं ठाऊक नसायचं. त्यांना चारच्या आत ठरवायची सवय लागायला दिवाळी गेली. पण बायकांनी फळा सोडला नाही. जादा तास आहेत की नाहीत हे त्यांनाही आजवर पाच वाजता कळायचं आणि घरी पोरं वाट बघत बसायची.

आणि माझ्यासाठी: दर तीन महिन्यांनी एक सकाळ, तक्रार असो नसो. आईला मी सांगितलं, पेपर वाचणं थांबलं की फोन करायचा, नोकरीची भीती न धरता. ती आता करते. दोनदा केला. दोन्ही वेळा गोष्ट दहा मिनिटांत सुटली.

बारा दिवस घरी राहून, चवथीआधीच, तो कामावर परत आला. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस. त्याचे खाडे पात्रांवांनी रजेत जमा केले. मावशी डिसेंबरमध्ये बेळगावहून आली, पान वाचलं आणि तिनेही सही केली, जरी त्यातलं सगळं तिच्याकडूनच आलं होतं. टेबलावर सगळं गोड झालेलं नाही. एक बाई अजूनही त्याच्या शेजारी बसत नाही. त्याचा रोजही वाढायला हवा तेवढा वाढलेला नाही आणि त्यावर माझं आणि पात्रांवांचं बोलणं चालू आहे.

२०२४ च्या चवथीला टेबलं पुन्हा हलली. गुरुवारी फळ्यावर लिहिलं गेलं, शुक्रवारी धाकटा नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला, नव्या जागी उभा राहून सगळीकडे नजर फिरवली, ताटली आणि काटा स्वतः उचलून नेला आणि बसला.

मागच्या तिमाहीत मी गेले तेव्हा त्याने वही माझ्यापुढे उघडून धरली. चौथ्या ओळीतल्या सुट्टीच्या वेळा त्याने खोडल्या होत्या. साडेतीनच्या जागी तीन केलं होतं, कारण सव्वातीनला आता डब्यांची गाडी येते आणि तिचा आवाज त्याला सुट्टीनंतर सोसतो, आधी सोसत नाही. खाली तारीख होती आणि सही. "सदर बदल आपण पाहिल्याची नोंद करावी," तो म्हणाला. मी त्याच्या सहीखाली सही केली.